आधी गळतीचा उगम, मग पाना : दोन लाख किलोमीटर चाललेल्या डिझेल स्विफ्टच्या दुरुस्तीचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि फाउंड्रीच्या कामांच्या गजबजाटात, चारचाकी गाड्यांच्या इंजिनांची कामे करणारे एक लहान गॅरेज आहे. माझ्या २०१२ सालच्या डिझेल स्विफ्टचे जे काम या गॅरेजने केले, त्याचे हे परीक्षण आहे. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आहे आणि तिच्या इंजिनातून ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) या दोहोंची गळती सुरू झाली होती. ती गळती आता थांबली आहे; परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की पान्याला हात लावण्यापूर्वी या माणसांनी गळती नेमकी कुठून होते हे पुराव्यानिशी शोधून काढले. जुन्या गाडीच्या मालकाला खरी गरज याच सेवेची असते, आणि नेमकी हीच सेवा सहजासहजी मिळत नाही. गॅरेजच्या मालकांच्या हाताखाली मोजकेच कारागीर आहेत आणि आहे तेवढे काम त्यांना पुरेसे आहे, म्हणून गॅरेजचे नाव लिहू नये अशी त्यांनी विनंती केली आणि मी ती मानली आहे. तरीही लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण इथली कामाची पद्धत आपल्या गावातल्या कोणत्याही गॅरेजकडून मागून घेता येण्यासारखी आहे.

प्रथम इंजिनाविषयी, कारण इंजिनाची रचना ठाऊक असल्याशिवाय गळतीचा विचार करता येत नाही. १२४८ सीसीचे हे इंजिन मूळचे फियाटचे मल्टिजेट. मारुतीने २००७ पासून ते डीडीआयएस या नावाने स्विफ्टमध्ये दिले, टाटांनी क्वाड्राजेट या नावाने वापरले, फियाटच्या पुंटो आणि लिनियामध्ये ते होतेच, आणि पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ चे प्रदूषणविषयक निकष लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी या इंजिनाची प्रत्येक मारुती गाडी वयस्क आहे, आणि त्यांपैकी अनेक गाड्यांनी दीड-दोन लाखांचा टप्पा कधीच ओलांडला आहे. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून प्रत्येक वेळी इंजिन गरम होऊन थंड होताना दोन्हींच्या मधले गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारी पातळ पट्टी) थोडे थोडे घासले जाते. रबरी सील आणि ओ-रिंगा उष्णतेने कडक होतात, त्यांचा ताण जातो आणि त्या चपट्या होऊन बसतात. म्हणजे जुन्या इंजिनाच्या गळतीत किलोमीटरइतकाच वर्षांचाही वाटा असतो, आणि फार न फिरलेली पण जुनी गाडीही गळू लागते ती याच कारणाने.

माझ्या गाडीची लक्षणे तीन होती. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जोडले जातात तिथून खाली ऑइलचे थेंब पडत होते. कूलंटच्या टाकीतील पातळी हळूहळू उतरत होती. आणि सर्वांत चिंताजनक गोष्ट अशी, की त्या टाकीत वरच्या बाजूला तपकिरी, चिकट साय जमू लागली होती. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी प्रथम दाखवली, तिथे बॉनेट उघडून, टाकीत बोट घालून काही मिनिटांत निदान देण्यात आले : हेड गॅस्केट गेले आहे, मागचा क्रँक सील (क्रँकशाफ्ट गिअरबॉक्सकडे जिथून बाहेर येतो तिथला) गेला आहे, हेड उतरवावे लागेल, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, आणि एवढे उघडलेच आहे तर हाफ इंजिनचे, म्हणजे पिस्टन-रिंगांचे, काम करून घ्या. खर्चाचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या चौथाईइतका होता. हे निदान चूक ठरले, याबद्दल माझी तक्रार नाही. निदान चुकू शकते. कोणतीही चाचणी न घेता एवढे मोठे काम सुचवले गेले, याबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी गाडी पाहिल्यावर सुरुवात प्रश्नांपासून केली. कूलंट किती दिवसांत किती कमी होते, टाकीत वरून पाणी कोणते घातले, सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर कोणत्या रंगाचा येतो, तापमानाचा काटा कधी वर गेला होता का, हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का, शेवटचे ऑइल कोणत्या ग्रेडचे भरले. मग ते एवढेच म्हणाले, “दादा, हेड उघडायची घाई नको. आधी धुऊन घेऊ, मग बोलू.” गाडी त्यांनी रात्रभर तिथेच ठेवून घेतली, आणि या रात्रभर ठेवण्याला कारण होते.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, त्यांनी ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा) नट अगदी हळू सैल केला. कूलंट ऑइलपेक्षा जड असते. ते ऑइलमध्ये उतरत असेल तर रात्रभरात तळाशी बसते आणि नट सैल करताच ऑइलच्या आधी बाहेर येते. माझ्या गाडीतून पहिला थेंबही ऑइलचाच आला. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर, पांढुरके काही नव्हते. ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून थोडा पांढरट मलम चिकटलेला होता, आणि आधीच्या वर्कशॉपने तोच हेड गॅस्केटचा पुरावा म्हणून दाखवला होता. मेस्त्रींनी समजावून सांगितले, की पावसाळ्यात किंवा थंडीत गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर इंजिनातली वाफ नीट बाहेर पडत नाही आणि झाकणाखाली असा मलम धरतो. एकट्या त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. घाटातून एक लांब फेरी झाली की तो पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो.

त्यानंतर कूलिंग सिस्टिमची दाब-चाचणी झाली. टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप आणि दाबमापक बसवून, झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काटा उतरतो का ते पाहत राहायचे, अशी ही साधी चाचणी आहे. तिचे महत्त्व समजण्यासाठी दाब कशासाठी असतो ते माहीत हवे. निम्मे ग्लायकॉल (कूलंटचा मूळ घटक) आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०६ अंश सेल्सिअसला उकळते. तेच एक बारच्या आसपास जादा दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली असेल तर दाब टिकत नाही, कूलंट उकळून बाहेर पडते, आणि मालकाला वाटते की रेडिएटर फुटला. म्हणून मेस्त्रींनी आधी झाकण तपासले आणि ते नीट आहे अशी खात्री करून मग पुढे गेले. माझ्या गाडीत काटा सावकाश उतरू लागला आणि थोड्या वेळाने वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंटचा थेंब बाहेर आला. हे छिद्र मुद्दामच ठेवलेले असते : पंपाच्या आतला सील झिजला की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर पडावे आणि मालकाला सूचना मिळावी, अशी ती योजना आहे. छिद्राभोवती वाळलेल्या कूलंटचा रंगीत थर होताच. पाहणारा डोळा तेवढा हवा होता. या इंजिनात टायमिंगला (झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या यंत्रणेला) चेन आहे आणि वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, त्यामुळे तो बदलण्यासाठी टायमिंगला हात लावावा लागत नाही.

हेड गॅस्केटचा प्रश्न त्यांनी स्वतंत्र चाचणीने निकालात काढला. टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवून तिच्यात निळे रसायन भरतात आणि इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग हिरवट-पिवळा होतो. रंग बदलला नाही. थंड इंजिन चालू केल्यावर लगेच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो का, टाकीत सतत बुडबुडे येतात का, हेही पाहिले, दोन्ही नाही. मग ऑइल कूलंटमध्ये येते कुठून? या इंजिनात ऑइल फिल्टरच्या हाउसिंगलाच ऑइल कूलर जोडलेला असतो, आणि त्यात एका पत्र्याच्या अलीकडे ऑइल व पलीकडे कूलंट वाहते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे त्या पत्र्याला बारीक छिद्र पडले किंवा मधली पॅकिंग गेली की ऑइल कूलंटमध्ये ढकलले जाते; उलट दिशेने काही जात नाही, म्हणून डिपस्टिक स्वच्छ राहते. मात्र इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्य होतो आणि गरम कूलंटचा दाब काही काळ टिकतो, तेव्हा कूलंट ऑइलमध्ये उतरण्याची शक्यता असतेच. ग्लायकॉल मिसळलेले ऑइल क्रँकच्या बेअरिंगांची अवस्था फार लवकर वाईट करते. म्हणून हे काम पुढे ढकलू नका, असे त्यांनी बजावले.

कूलर काढल्यावर त्यांनी त्याचे एक तोंड बंद केले, दुसऱ्यातून हवेचा दाब दिला आणि तो पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुड्यांची बारीक रांग मी स्वतः पाहिली. ग्राहकाला समोर उभे करून असा पुरावा दाखवणाऱ्या गॅरेजवर मी विश्वास ठेवतो.

तिसरे लक्षण म्हणजे गिअरबॉक्सजवळून पडणारे ऑइल. मागचा क्रँक सील बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. सील काही शे रुपयांचा आणि मजुरी काही हजारांची, असा हा प्रकार आहे. मेस्त्रींनी इंजिन डिग्रीझरने धुऊन कोरडे केले, ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग मिसळला आणि गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेऊन आणली. परत आल्यावर काळोख्या शेडमध्ये दिवा धरला तेव्हा हिरवट-पिवळी रेघ वरून खाली आलेली दिसली. रेघेचे वरचे टोक हेडच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूला, कॅमशाफ्टवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या बैठकीशी होते. ब्रेकच्या बूस्टरला निर्वात पुरवणाऱ्या या पंपाचा सील कडक झाला होता, आणि तिथून उतरलेले ऑइल थेट बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरच्या आवरणावर) ओघळून मागच्या क्रँक सीलच्या गळतीचा आभास निर्माण करत होते. ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली जाते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते, म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची असते. थेंब जिथून पडतो ती जागा शोधून उपयोग नसतो. गिअरबॉक्स खाली न घेता हे काम झाले. खाली पडलेले तेल इंजिनाचे की गिअरचे, हेही त्यांनी आधी तपासून घेतले होते : गिअर ऑइल दाट असते, त्याला गंधकाचा उग्र वास येतो आणि ते डिझेल इंजिनाच्या ऑइलसारखे काजळीने काळे पडत नाही.

याच टप्प्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी माझ्या मते या संपूर्ण कामातली सर्वांत जाणकार गोष्ट होती. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून त्यांनी बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून खाली निसटणारा वायू, पाहिले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तिथून धुराचे भपकारे येतात. माझ्या इंजिनातून हलकी वाफ तेवढी येत होती, परंतु झाकण उचलले जात असल्याचे हाताला जाणवत होते. कारण ब्रीदरच्या (हा वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) नळीत काळा गाळ साचून ती अर्धी बंद झाली होती. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) वायू बाहेर जाण्याची वाट बंद झाली की तो दाब सगळ्या सीलांवर येतो आणि जिथे सील कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर साफ न करता नवे सील बसवले, तर तेही काही महिन्यांत गळू लागतात, आणि मग दोष सीलच्या दर्जाला दिला जातो. गळतीसाठी गाडी देणाऱ्या प्रत्येकाने ‘ब्रीदर पाहिला का?’ हा प्रश्न विचारावाच.

प्रत्यक्ष दुरुस्तीचे वर्णन थोडक्यात करतो. ऑइल कूलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि व्हॅक्यूम पंपाचा सील नवे बसले. चेंबरच्या नटाचा वॉशर नवा घातला. कूलंटच्या होज पाइपांना आतून ऑइल लागले होते. या पाइपांचे रबर कूलंट सहन करण्यासाठी बनवलेले असते. ऑइल लागले की ते फुगते आणि मऊ पडते, म्हणून पाइपही बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला. सुरुवातीला मला तो वाढीव खर्च वाटला, पण काढलेला पाइप बोटांनी दाबून पाहिल्यावर शंका उरली नाही. सर्वांत वेळखाऊ काम फ्लशिंगचे होते. रेडिएटर, हीटर आणि ब्लॉक यांतली तपकिरी साय निघून स्वच्छ पाणी येईपर्यंत क्लीनर घालून पुन्हा पुन्हा धुणे चालले, आणि हे काम त्यांनी अर्ध्यावर सोडले नाही. अर्धवट फ्लशिंग झाले की उरलेली साय रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसते आणि गाडी उन्हाळ्यात गरम होऊ लागते.

काढलेले कूलंट त्यांनी झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवले. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते; रस्त्यावरची कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. घरासमोर कूलंट ठिबकत असेल तर ती जागा त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन काढावी. वापरलेले ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मोडते. तेही इथे गटारात न ओतता पिंपात साठवले जाते. लहान गॅरेजमध्ये एवढी काळजी घेतलेली पाहून मला मनापासून समाधान वाटले.

नवे कूलंट निवडताना त्यांनी रंगावर भर दिला नाही. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात, रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. पाहायचे ते डब्यावर लिहिलेले मानक, उदाहरणार्थ जपानचे जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकेचे एएसटीएम डी ३३०६, आणि त्यातले गंजरोधक जुन्या पद्धतीचे अकार्बनी आहे की सेंद्रिय आम्लांचे. या दोन प्रकारांचे मिश्रण केल्यास गंजरोधकाचे आयुष्य घटते आणि काही वेळा गाळही धरतो. सांद्र कूलंट असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, आणि ॲल्युमिनियमचे हेड व वॉटर पंप त्यामुळे आतून खाल्ले जातात. वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेल्या गाड्यांच्या पंपांची पाती किती झिजतात, याचे नमुने त्यांनी फळीवर ठेवलेले आहेत आणि ते पाहण्यासारखे आहेत.

आता बाटलीबंद उपायांविषयी, कारण गाडी गळू लागली की दहापैकी नऊ जण आधी तोच सल्ला देतात. कूलंटमध्ये घालायची गळतीरोधक द्रव्ये दोन प्रकारे काम करतात : काहींमध्ये बारीक कण किंवा तंतू असतात, जे छिद्रात अडकून ते बुजवतात, काहींमध्ये सोडियम सिलिकेट असते, जे गरम भागात सुकून काचेसारखे घट्ट होते. आपल्याकडचे जुने ट्रकचालक रेडिएटरमध्ये हळद टाकत, त्यामागचे तत्त्वही कण अडकण्याचेच आहे, आणि घाटात, रात्री, रेडिएटरची एखादी नळी झिरपत असताना गाव गाठण्यासाठी हा उपाय मी समजू शकतो. परंतु छिद्र बुजवणाऱ्या पदार्थाला छिद्र आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. हीटरचा कोर, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर यांत तो साचतो. माझ्या गाडीत असे द्रव्य घातले असते, तर ऑइल मिसळलेल्या कूलंटमध्ये त्याचा चिखल झाला असता आणि फ्लशिंग कदाचित अशक्य झाले असते. रेडिएटरच्या किरकोळ झिरपण्यासाठी, तात्पुरता, एवढीच शिफारस मी करीन. वॉटर पंपाच्या सीलसाठी, फाटलेल्या होजसाठी किंवा हेड गॅस्केटसाठी मुळीच नाही.

ऑइलमध्ये घालायच्या द्रव्यांची बाब वेगळी आहे. त्यांत रबर फुगवणारे आणि मऊ करणारे घटक असतात, त्यामुळे कडक झालेला रबरी सील पुन्हा थोडा ताण धरतो. जास्त धावलेल्या गाड्यांसाठी म्हणून मिळणारी ऑइले याच तत्त्वावर आहेत. व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ हे अशा प्रकारचे ऑइल अमेरिकेत आणले, ते ७५,००० मैलांपुढच्या गाड्यांसाठी. ही ऑइले प्रामाणिक उत्पादने आहेत असे माझे मत आहे, कारण त्यांचा परिणाम सौम्य असतो आणि ते इंजिनाचे नुकसान करत नाहीत. मात्र ऑइल आपल्या इंजिनाच्या ग्रेडचे आणि डिझेलच्या प्रतीचे आहे याची खात्री करावी. त्यांची मर्यादा अशी, की परिणाम दिसायला शेकडो किलोमीटर जावे लागतात आणि फाटलेला सील, धातूचे गॅस्केट किंवा सुटलेले सिलिकॉन यांवर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. त्यामानाने गळती थांबावी म्हणून २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल भरण्याचा सल्ला मला घातक वाटतो. या इंजिनाच्या टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि टर्बोची बेअरिंगे ऑइलवर तरंगतात. सकाळच्या थंड इंजिनात जाड ऑइल तिथे पोहोचायला उशीर होतो, आणि थेंब वाचवण्याच्या नादात चेन आणि टर्बो धोक्यात येतात.

सांधे बंद करण्यासाठी लावल्या जाणाऱ्या सिलिकॉनबद्दलही सांगितले पाहिजे. टायमिंग कव्हरसारख्या जागी ते वापरायचेच असते, परंतु ‘गळू नये’ म्हणून भरपूर लावले की जादा सिलिकॉन आतल्या बाजूला गोळ्या होऊन ऑइलमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. जाळी तुंबली की दाब पडतो आणि ज्या इंजिनाची फक्त गळती होती त्याचे बेअरिंग जाते. उद्यमनगरातल्या या गॅरेजमध्ये जुना थर पूर्ण खरवडून, पृष्ठभाग पुसून, बारीक आणि सलग रेघ ओढली जाते आणि ते सुकायला वेळ दिला जातो. हे पाहताना हा कारागीर आपल्या कामाचा मान राखतो, असे मला प्रकर्षाने जाणवले.

टायमिंग कव्हरच्या कडेला माझ्या गाडीत आजही किंचित ओल आहे. मेस्त्रींनी ती मला दाखवली आणि तिला हात लावला नाही. ओल आणि थेंब यांत फरक करावा, असे त्यांचे म्हणणे. ज्या जागी ऑइल धरते पण पडत नाही, पातळी घटत नाही, आणि ते गरम सायलेन्सरवर, बेल्टवर किंवा अल्टरनेटरवर जात नाही, तिथे पुसून लक्ष ठेवणे पुरेसे असते. कव्हर उघडण्याचा खर्च पुढे चेनचे काम निघेल तेव्हा त्यातच करावा. स्वतःचे उत्पन्न कमी करणारा हा सल्ला होता, आणि तांत्रिकदृष्ट्याही तो योग्य आहे.

आता उणिवा. गाडी कधी मिळेल याची तारीख इथे दिली जात नाही, आणि दिली तरी ती पाळली जात नाही. ज्यांचा व्यवसाय गाडीवर चालतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. फोन क्वचितच उचलला जातो. बसायला जागा नाही. पहिले बिल हाताने लिहिलेले आणि एकत्रित रकमेचे होते. मागणी केल्यावर सुट्या भागांच्या पावत्या आणि मजुरीचा वेगळा तपशील मिळाला, परंतु तो न मागता मिळायला हवा. कामाची हमी तोंडी आहे. ती पाळली जाईल असे मला वाटते, तरी कागदावर असती तर नव्या ग्राहकाला धीर आला असता. सुटे भाग मूळ कंपनीचे हवेत की बाजारातले, हे त्यांनी आधी विचारले आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिले, ही मात्र या बाबतीतली जमेची बाजू आहे.

एकूण खर्च सुमारे २०,००० रुपये आला, त्यातला मोठा वाटा सुट्या भागांचा होता. शोधकामाची मजुरी त्यांनी वेगळी आणि फारच कमी लावली. माझ्या मते ती दुप्पट असली तरी रास्त ठरली असती, आणि ग्राहकांनीही तपासणीचे पैसे द्यायला कुरकुर करू नये. तपासणी फुकट हवी असा हट्ट धरला, की गॅरेजला आपली कमाई मोठे काम काढूनच करावी लागते, आणि चाचणीशिवाय हेड उघडण्याची जी सवय सर्वत्र दिसते तिचे एक मूळ इथेही आहे.

दुरुस्तीनंतर गाडी आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन आली आहे. कूलंटची पातळी खुणेवरून हललेली नाही आणि टाकीत साय नाही. फ्लशिंग कितीही चांगले झाले तरी कोपऱ्यात राहिलेले थोडे ऑइल पुढच्या काही आठवड्यांत वर येते, म्हणून काही काळाने कूलंट पुन्हा एकदा बदलायचे ठरले आहे; त्या फेरीची मजुरी घेणार नाही, असे मेस्त्रींनी आधीच सांगितले होते. तोपर्यंत दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकी आणि डिपस्टिक पाहण्याची त्यांची सूचना मी पाळत आहे. केवळ तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, हेही त्यांनी सांगितले होते : कूलंट बरेचसे निघून गेले की सेन्सर हवेत राहतो, आणि इंजिन जळण्याच्या बेतात असतानाही काटा खाली दिसू शकतो.